आयर्नचे थेंब आणि बाळसं

परवा रात्री नणंदेचा फोन आला. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. आवाजावरूनच कळत होतं की दिवसभर तोच विचार डोक्यात आहे. "वहिनी, थोरलीला तू आयर्नचे कोणते थेंब दिले होतेस गं? नाव सांग ना. याचं वजन महिनाभरात जेमतेम दोनशे ग्रॅम वाढलंय. खाल्लेलं अंगीच लागत नाही. थोरली त्या थेंबांनी कशी सावरली होती, माझ्या चांगलं लक्षात आहे."

तिच्या लक्षात आहे ते खरंच आहे. थोरली सावरली होती. पण धाकट्याच्या वेळी काय झालं ते मी घरात फारसं कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून नणंदेला मी बाटलीचं नाव सांगितलं नाही. आम्ही तासभर बोललो, आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे लिहून काढायलाच हवं. मी डॉक्टर नाही. एका मुलाला लोह कमी पडू दिलं आणि दुसऱ्याला गरज नसताना पाजलं, अशी दोन्ही टोकं पाहिलेली आई आहे.

थोरली ३४ व्या आठवड्यात झाली. वजन दोन किलो. बाळाच्या अंगातला लोहाचा साठा बहुतेक सगळा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतो, आणि तिचा त्यातला निम्मा काळ हुकला. पूर्ण दिवसांचं बाळ हा साठा घेऊन साधारण चार ते सहा महिने काढतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तेवढी शिदोरीच नसते. शिवाय ते झपाट्याने वाढतं, त्यामुळे असलेली शिदोरीही लवकर संपते. म्हणून डॉक्टरांनी महिनाभरातच थेंब सुरू केले होते, किलोमागे २ मिलिग्रॅम, वर्षाची होईपर्यंत.

मी ते सहाव्या महिन्यात बंद केले. कुणाला न विचारता. तिची शी काळी, डांबरासारखी व्हायची, आणि पुढे पुढे तर खडाच. तोंड लालबुंद करून ती कुंथायची आणि मी तिचे पाय पोटाशी दुमडून धरायची. पहिला दात आला तर त्यावरही तपकिरी रेघ. (ही रेघ दाताच्या वरच्या थराला लागते, आतून दात किडत नाही, आणि थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडून वर दोन घोट पाणी किंवा दूध पाजलं तर बहुधा लागतही नाही. तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.) पोरगी हसत होती, अंगावर पीत होती. मग हे काळं औषध कशाला, असं वाटलं.

अकराव्या महिन्यात ती ७.२ किलोची होती. रांगायला लागली होती, पण चार पावलं गेली की बसायची. अंगावर घेतलं की पाच मिनिटांत झोप. चमचा समोर आला की ओठ घट्ट. मी हे सगळं 'तिचा स्वभावच शांत' या खाती टाकलं होतं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढली आणि मला म्हणाल्या, "बघा." आतली कड गुलाबी असायला हवी, ती कागदासारखी पांढरी होती. ते मी रोज न्हाऊ घालताना पाहू शकले असते. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. या वयात ११ च्या खाली रक्तक्षय धरतात. अलीकडे, २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांखालच्या बाळांसाठी तो आकडा १०.५ केला, पण ८.४ कुठल्याही मोजपट्टीने कमीच. फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह दाखवणारा आकडा, ५. तो १२ च्या खाली गेला की साठा संपला असं समजतात.

आता औषध किलोमागे ३ मिलिग्रॅम झालं, म्हणजे दिवसाला साधारण २२. इथे एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण यात चूक करणारी मी एकटी नसणार. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते, एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम लोह असलेले, रोज ०.९ मिली. दुकानात थेंब नव्हते, तर त्यांनी त्याच नावाचं सिरप दिलं. "तेच आहे, लहान मुलांचंच." मी आठ दिवस निष्ठेने ०.९ मिली सिरप पाजलं. नवव्या दिवशी खोका टाकून देताना सहज वाचला: दर ५ मिलीमध्ये ३० मिलिग्रॅम. एका मिलीमध्ये सहाच. म्हणजे आठ दिवस तिला पाच-साडेपाच मिलिग्रॅम जात होतं, जेमतेम चौथा हिस्सा. आमच्या बाबतीत ते कमी पडलं, एवढ्यावर निभावलं. उलटं झालं असतं, सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं असतं, तर चौपट गेलं असतं.

त्यात खोक्यावर दोन आकडे असतात, हेही बघा. एक लोह ज्या संयुगातून देतात त्या क्षाराचा आणि एक प्रत्यक्ष लोहाचा, ज्याला 'एलिमेंटल आयर्न' म्हणतात. फेरस सल्फेटमध्ये साधारण पाचवा हिस्सा लोह असतं, फ्युमरेटमध्ये एक तृतीयांश, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. डॉक्टर मोजतात ते एलिमेंटल. तोच आकडा शोधायचा आणि औषध बदललं की माप पुन्हा विचारायचं.

नीट माप सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यातली एक सकाळ मला स्वच्छ आठवते. मी स्वतः खात बसले होते आणि तिने रांगत येऊन माझ्या हातातला चमचा ओढला. ओढून तोंडात घातला. रिकामा होता, तरी चोखत बसली. मी जागची हललेच नाही, न जाणो ती सोडून देईल. महिन्याने हिमोग्लोबिन ९.८ आलं, तीन महिन्यांनी ११.६. आकडा सुधारला तरी थेंब थांबवले नाहीत. रक्तातलं लोह आधी भरतं, साठा मागाहून, म्हणून त्यानंतरही दोन-तीन महिने द्यावे लागतात. यावेळी मी एकही दिवस चुकवला नाही.

आणि वजन? आधीच्या तीन महिन्यांत साडेतीनशे ग्रॅम वाढलं होतं, नंतरच्या तीन महिन्यांत नऊशे. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "त्या थेंबांनीच पोरीने बाळसं धरलं." मीही मान डोलवायची. घरात ते औषध 'वजनाचे थेंब' झालं, आणि पुढची चूक तिथेच रुजली.

खरं म्हणजे लोहाने वजन वाढत नाही. त्यात ना ऊर्जा, ना चरबी, ना प्रथिनं. थोरलीचं वजन वाढलं कारण ती खायला लागली, आणि ती खायला लागली कारण तिच्या अंगात त्राण आलं. नेमकी हीच गोष्ट १९९४ साली केनियातल्या रक्तक्षय असलेल्या शाळकरी मुलांत दिसली होती. १४ आठवडे लोह दिल्यावर त्यांची भूक सुधारली आणि वाढही. भूक हा मधला दुवा आहे. ज्या मुलाची भूक लोहाअभावी मेलेली नाही, त्याला लोह देऊन ती आणखी कशी पेटेल?

उलट, वजन वाढतं म्हणून लोह लागतं. बाळ वाढलं की रक्त वाढतं, स्नायू वाढतात, आणि त्या प्रत्येक थेंबाला, धाग्याला लोह हवं. पहिल्या वर्षात वजन जवळजवळ तिप्पट होतं. म्हणून अमेरिकेत सात ते बारा महिन्यांच्या बाळाची रोजची शिफारस ११ मिलिग्रॅम आहे आणि धडधाकट पुरुषाची ८. बापापेक्षा बाळाला लोह जास्त लागतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आईच्या दुधातलं लोह बाळाच्या अंगी चांगलं लागतं, पण असतं एका लिटरमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. सहाव्या महिन्यानंतर वरच्या खाण्यातून लोह मिळायलाच हवं ते यासाठी. आणि म्हणूनच गुबगुबीत बाळही आतून रिकामं असू शकतं. वर्षाच्या पुढची मुलं दिवसभर वरच्या दुधावर असतात, अर्ध्या लिटरच्या कितीतरी पुढे जातात, गाल भरलेले असतात आणि फेरिटिन तळाला. त्यांच्याकडे बघून कुणी काळजी करत नाही.

आता धाकटा.

तो पूर्ण दिवसांचा, ३.१ किलोचा. नाळ लगेच न कापता मिनिटभर थांबून कापली होती, म्हणजे वारेतलं जास्तीचं रक्त, आणि त्यातलं लोह, त्याला मिळालं होतं. सहा महिन्यांपासून सगळं खाणारा. फक्त अंगाने किडकिडीत. चौदाव्या महिन्यात ८.९ किलो. घरी येणारा प्रत्येक जण दंडाला हात लावून म्हणायचा, "खायला घालता की नाही?" ते ऐकून ऐकून मी एक दिवस स्वतःच जाऊन थेंबांची बाटली आणली. तेच नाव, रोज १ मिली. म्हणजे २५ मिलिग्रॅम, किलोमागे पावणेतीन, जवळजवळ रक्तक्षय झालेल्या मुलाचं औषध. ना तपासणी, ना चिठ्ठी. थोरलीच्या वेळी औषध थांबवून चुकले होते, म्हणून आता 'देणं' म्हणजे काळजी घेणं, असं माझ्या मनाने पक्कं धरलं होतं.

दोन महिन्यांत त्याचं वजन १५० ग्रॅम वाढलं. त्या वयात महिन्याला दोनशेच्या आसपास वाढायला हवं. शी काळी आणि कडक. जेवताना पोट आवळून रडायचा. मध्ये एकदा चार दिवस जुलाब. मी काय करावं? माप दीड मिली करायचं ठरवलं. ते करण्याआधी लसीची तारीख आली, एवढंच नशीब.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, मीच." त्या रागावल्या नाहीत. तपासणी करून घेतली: हिमोग्लोबिन १२.२, फेरिटिन ४६. सोबत सीआरपी, म्हणजे अंगातला दाह किंवा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी, तीही केली, कारण अंगात संसर्ग असला की फेरिटिन खोटं चढतं. तेही ठीक. लोहाची भांडी काठोकाठ भरलेली होती. त्यांनी बाटली बंद करायला सांगितलं आणि इंडोनेशियातल्या एका अभ्यासाबद्दल बोलल्या. १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. लोह पुरेसं असलेली, १२ ते १८ महिन्यांची मुलं घेतली. काहींना चार महिने किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह, काहींना तसंच दिसणारं बिनलोहाचं औषध. लोह घेणाऱ्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा हळू वाढलं. वय तेच, माप जवळपास तेच. खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

घरी येऊन मी पुढचे कितीतरी दिवस वाचत होते. २००२ मध्ये कॅथरिन ड्यूई आणि सहकाऱ्यांनी स्वीडन आणि होंडुरासमधल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवर केलेलं काम मिळालं. चौथ्या ते नवव्या महिन्यात लोह दिल्यावर स्वीडनच्या बाळांची उंची आणि डोक्याचा घेर कमी वाढला. होंडुरासमध्ये उंचीवरचा तो परिणाम ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच ११ किंवा जास्त होतं त्यांच्यात दिसला. जुलाबांचंही तसंच, हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाळांना लोहाने जुलाब कमी झाले, चांगलं असलेल्यांना जास्त. एकच औषध, दोन मुलांत दोन तोंडांनी वागणारं. २००६ मध्ये २५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा सरसकट मुलांच्या वाढीवर लोहाचा ठाम चांगला परिणाम दिसलाच नाही. ते साहजिक वाटतं. ज्यांना हवं होतं आणि ज्यांना नको होतं अशी मुलं एका सरासरीत घातली की काय उरणार?

असं का व्हावं, याची जी कारणं संशोधक मांडतात त्यातलं मला सर्वात पटतं ते आतड्यातलं. न शोषलेलं लोह आतड्यात पुढे सरकतं आणि तिथल्या उपद्रवी जंतूंना खाद्य होतं. केनियातल्या बाळांत लोहयुक्त पावडर दिल्यावर चांगले जंतू घटून ई. कोलायसारखे वाढलेले दिसले होते. जस्त आणि लोह शोषणासाठी एकमेकांशी झगडतात असंही म्हणतात, आणि जस्त तर वाढीला लागतंच. शिवाय शरीराकडे जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय नाही. यकृतातून निघणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक दारावरच लोह अडवतं, तेवढाच काय तो बंदोबस्त. आणि अगदी लहान बाळांत, सहाव्या महिन्याच्या आसपास, तो पहारा अजून कच्चा असतो.

धाकट्याचं वजन लोहामुळेच अडलं, असं मी म्हणणार नाही. जुलाब झाले होते, दात येत होते. थेंब बंद केल्यावरच्या दोन महिन्यांत तो ३८० ग्रॅम वाढला, पण एका मुलावरून सिद्ध काहीच होत नाही. मला जे बोचतं ते वेगळं आहे. तो पोट धरून रडत होता आणि मी त्याला त्याच औषधाचं माप वाढवून देणार होते.

हे वाचून कुणी चालू असलेले थेंब बंद करू नका, हात जोडून सांगते. थोरलीचे मी बंद केले, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय. लहानपणी लोह कमी पडलं तर फटका मेंदूच्या वाढीला बसतो, आणि तो वजनाच्या काट्यावर दिसत नाही. जिथे ४० टक्के किंवा जास्त लहान मुलांना रक्तक्षय आहे, तिथे सहा महिने ते दोन वर्षांच्या सगळ्या बाळांना वर्षातून सलग तीन महिने रोज १० ते १२.५ मिलिग्रॅम द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची सूचना आहे. ती तपासणीवाचून द्यायची असते आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे रिकामी मुलं बरीच. मलेरियाच्या भागात मात्र त्यासोबत मलेरियाचा बंदोबस्तही हवा. टांझानियातल्या पेम्बा बेटावर लोह आणि फॉलिक ॲसिड दिलेल्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढले, आणि अभ्यासाचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. हा अहवाल २००६ चा. माझं म्हणणं एवढंच की मोजमाप करून, कुणीतरी जबाबदारीने लिहून दिलेलं औषध वेगळं आणि बारीक दिसतो म्हणून आईने दुकानातून आणलेली बाटली वेगळी.

बाटली उंचावर आणि कुलपात ठेवा, हेही सांगते. लोहाची औषधं गोड असतात, आणि लहान मुलाने एकदम प्यायली तर ते विष आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्रास सुरू होतो, ६० च्या वर जिवावर बेततं. दहा किलोच्या मुलाला यासाठी २५ मिलिग्रॅमच्या थेंबांची एक छोटी बाटलीही पुरते.

नणंदेला मी बाटलीऐवजी जन्मापासूनची वजनं मागितली. तिने कार्डाचा फोटो पाठवला. जन्माचं २.७, तीन महिन्यांचं ५.३, सहाचं ६.७, आठचं ७.३, आता ७.५. मी ती वाढीच्या तक्त्यावर पेन्सिलने मांडली आणि पाचही टिंबं जोडली. रेघ मधल्या ओळीच्या बरीच खाली होती, पण तिच्या बाजूबाजूनेच चढत होती. कुठे आडवी झालेली नव्हती, कुठे घसरलेली नव्हती. या वयात महिन्याला दोनशे-अडीचशे ग्रॅमच वाढतं, पहिल्या तिमाहीसारखं किलो-पाऊण किलो नाही, हेही तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो त्याच्या मापाने वाढतोय?"

वाढतोय. तरी सहा महिन्यांच्या पुढचं, अंगावर पिणारं, वरचं अजून दोन-चार चमचेच खाणारं बाळ आहे, तेव्हा लोह तपासून घे म्हटलं. काल तिने त्याला नेलं. डॉक्टरांनी त्याचीही पापणी ओढून पाहिली म्हणे. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि सीआरपी असं तिन्ही पाठवलंय. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे. तोवर थेंब नाहीत, आणि सासूबाईंनाही मी तसं सांगून ठेवलंय.